व्हरांड्यातला चहा आणि आमचं पाणी

चांगला चहा कसा ओळखायचा ही विद्या मला ज्या माणसाने शिकवली, त्याने चार वर्षांत मला एकदाही चांगला चहा पाजला नाही. अगदीच मिळत नव्हता असं नाही हं. मिळायचा. मागच्या पडवीच्या कोनाड्यात माझा एक कप असायचा, कान तुटलेला. साहेबांचा चहा झाला की किटलीतली भिजून फुगलेली पानं मी मागे नेऊन पुन्हा उकळायची, त्यात गुळाचा खडा टाकायची आणि त्या कपात ओतून प्यायची. त्याला चहा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

ही गोष्ट साठ-पासष्टच्या सुमाराची. माझं माहेर टाकव्याच्या पुढं, आंदर मावळात, आणि सासर तुंगार्लीला. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर बंगल्यांची रांग होती, त्यातल्या एका बंगल्यात मी धुणीभांडी, झाडलोट करायची. बंगल्याचे साहेब कलकत्त्याला चहाच्या एका मोठ्या कंपनीत होते, निवृत्त होऊन हवा मानवते म्हणून इथं राहायला आले होते. त्यांचं काम काय, तर चहा चाखायचा. सकाळपासून ओळीने मांडलेले कप, प्रत्येकातला एक चमचा तोंडात घ्यायचा, जोरात सुर्रकन ओढायचा, घोळवायचा आणि पितळेच्या उंच भांड्यात थुंकायचा. मग सांगायचं, हा अमक्या डोंगरावरचा, हा तमक्या महिन्यातला, हा जास्त भाजलाय.

मी घरी येऊन सासूला हे सांगितलं. आत्याबाई दाराशी मिसरी लावत बसल्या होत्या.

"थुकायचा पगार?" त्यांनी विचारलं.

"व्हय आत्याबाई. आणि आता पेन्शन."

"मंग तुजा सासरा तंबाकू खाऊन जलमभर फुकटच थुकला की गं!"

आता बंगल्यातल्या बाईसाहेबांचं सांगायला हवं. बाई वाईट नव्हत्या. सणाला जुनं लुगडं द्यायच्या, ताप आला तर गोळी द्यायच्या, ती वरून माझ्या तळहातावर टाकायच्या. आम्ही बौद्ध. धम्म घेतल्याला आठ-दहा वर्षं झाली होती, आमच्या घरातले देव गेले, गळ्यातले गंडे गेले, पण बाईसाहेबांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला ते कुणी कळवलं नव्हतं. मी उंबऱ्याच्या आत जायचं नाही. भांडी मी मागे घासायची, पालथी घालायची, मग बाईसाहेब त्यांच्यावर चार थेंब पाणी शिंपडून आत घ्यायच्या. माझ्या राखेने आणि काथ्याने जे जमत नव्हतं ते त्यांचे चार थेंब करायचे. मला तर पुष्कळदा वाटायचं, एवढे गुणाचे थेंब आहेत तर घासायचं कशाला, नुसतेच शिंपडा.

मग चहाला माझा हात कसा लागला? त्याचीही गंमतच. साहेबांची ती सुरसुर आणि थुंकाथुंकी बाईसाहेबांना सहन होत नसे. "हा तमाशा माझ्या स्वयंपाकघरात नको," म्हणून त्यांनी साहेबांचं सगळं सामान, म्हणजे स्पिरिटचा स्टोव्ह, पाणी तापवायची पितळी किटली, पांढरी चिनी मातीची किटली, कप, पानांचे डबे, पुढच्या व्हरांड्यात हलवलं होतं. आणि साहेबांच्या हाताला कंप सुटलेला. उकळत्या पाण्याची किटली धरली की अर्धं पाणी टेबलावर. तेव्हा कुणाचा तरी हात हवाच होता. स्वयंपाकघर बाईसाहेबांच्या सोवळ्यात, व्हरांडा नाही. तिथं मी आणि साहेब दोघेही बाहेर काढलेलेच होतो.

फक्त एक अट होती. पाणी बाईसाहेब देणार. सकाळी मी पितळी किटली झाकण काढून खाली पायरीवर ठेवायची, त्या वरच्या पायरीवरून वीतभर उंचीने धार धरायच्या. शिंतोडा उडू नये म्हणून पदर आवरून. एकदा पाणी उकळलं की त्याला काही लागत नाही, असा त्यांचा हिशेब. तरी त्या स्वतः तो चहा प्यायच्या नाहीत. पाहुणे आले की मात्र प्यायच्या, कारण पाहुण्यांसमोर त्या सुधारलेल्या असायच्या.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते ऐका. साहेबांनी डबा पुढे केला आणि म्हणाले, "कर चहा." मी डबा उघडला. आमच्याकडे चहा म्हणजे दुकानातली पुडी, काळी भुकटी, गूळ घालून रटरट उकळायची. इथं तर लांब लांब वळलेली पानं, काही तपकिरी, काही हिरवट, मध्ये पांढुरकी टोकं. मला वाटलं, निवडलेला दिसत नाही. आम्ही भाताच्या मुलखातली माणसं. तांदूळ घेतला की तीन पाण्यांनी धुवायचा, हे हाताला आपोआप येतं. मी भांड्यात पानं घेतली, कोमट पाण्याने चोळून चोळून तीनदा धुतली. पहिलं पाणी तांबूस निघालं. केवढी ही घाण, म्हणून मी ते गुलाबाच्या झाडाला ओतलं. दुसरंही ओतलं. तिसरं स्वच्छ निघालं तेव्हा माझा जीव शांत झाला. मग ती धुतलेली पानं स्टोव्हवर चढवली.

साहेब आंघोळ करून आले, कपात बघितलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"काय केलंस तू?"

"धुऊन घेतला साहेब. लय धूळ होती."

साहेब खुर्चीत बसले. कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "दार्जिलिंगचा, दुसऱ्या तोडणीचा चहा तू गुलाबाला पाजलास. आणि मला चोथा उकळून दिलास."

गुलाब त्या वर्षी चांगला फुलला, हे मी नमूद करून ठेवते.

साहेबांनी हाकललं नाही मला. उलट त्या दिवसापासून शिकवायलाच बसले. बोलायला माणूस हवं होतं त्यांना, बाईसाहेब तर चहाचं नाव काढलं की आत जायच्या. ते सांगायचे, मी ऐकायची. पाणी ताजं हवं, एकदा उकळून निवलेलं परत उकळलं की त्यातला जीव जातो. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यायची, नाहीतर गार मातीच चहाची ऊब खाते. पान मोजून घालायचं. पाण्याची उकळी कशी ओळखायची हे मात्र माझं मीच बसवलं. आधी बुडाला मोहरीएवढे बुडबुडे येतात, मग ज्वारीएवढे, मग हरभऱ्याएवढे आणि मग सगळं पाणी उसळतं. काळ्या चहाला ते उसळतं पाणी. हिरव्या पानाला ज्वारीवरच उतरवायचं, नाहीतर कडू जहर.

मग झाकण घालून मुरू द्यायचं. किती वेळ? साहेबांकडे वाळूचं घड्याळ होतं, काचेचं. ते त्यांच्याच हातून फुटलं. मला भिंतीवरचं घड्याळ तेव्हा कळत नव्हतं. मी एक युक्ती काढली. आमच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील म्हणायचे. ते मनातल्या मनात, घाई न करता, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा म्हटलं की चहा बरोब्बर मुरतो. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं तर चार मिनिटांना दोन-चार सेकंद कमी. ते खूश. "कंपनीत असं घड्याळ नव्हतं," म्हणाले.

बाईसाहेबांनी एकदा माझे ओठ हलताना बघितले.

"काय पुटपुटतेस गं चहावर? मंत्रतंत्र नाही ना?"

"नाही बाईसाहेब. वेळ मोजते."

"मोठ्याने मोज मग."

मी मोठ्याने म्हटलं. खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, सगळं पाली भाषेत. बाईसाहेब पदर सावरून ऐकत राहिल्या. संस्कृत आहे असं वाटलं असावं, कारण शेवटी म्हणाल्या, "उच्चार बरे आहेत."

दोन वर्षांत माझं नाक असं तयार झालं की डब्याचं झाकण उघडलं की मी सांगायची, साहेब, हा जुना झाला, ह्याला कपाटातल्या डांबर गोळीचा वास लागलाय. एका डब्याला पिकल्या करवंदाच्या जाळीजवळून गेल्यासारखा वास यायचा. दुसऱ्याला मळणीच्या खळ्यावरच्या पेंढ्याचा. साहेब वहीत लिहून घ्यायचे. पण नाकाशी आलं की तिथंच थांबायचं. जिभेवर काय येतं ते मला ठाऊक नव्हतं. दिवसाला चार-पाच वेळा मी तो चहा करत होते आणि त्याची चव कशी आहे हे मला माहीत नव्हतं. एकदा, फक्त एकदा, पहिल्या पाण्याचा, गरम, पूर्ण कप, कान असलेल्या कपातून प्यायचा, एवढंच मनात होतं. चोरून पिता आला असता. पण चोरून प्यायचा तर मग रोज ते पंचशील कशाला म्हणायचं?

म्हणून सरळ विचारलं. "साहेब, मी एकदा चाखून बघू? म्हणजे मला नीट कळेल."

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला वासावरून सगळं कळतंय की. चाखायची काय गरज?" थोड्या वेळाने, "आणि चमचा एकच आहे."

चमचे सहा होते. मीच रोज पुसायची.

घरी आत्याबाई विचारायच्या, "कसला लागतो गं त्यो चा?"

"मला काय माहीत?"

"आगं, मंग काय शिकलीस तिकडं? पोहायला शिकली आन् पाण्यात न्हाई उतरली!"

चौथ्या वर्षीचा मे महिना आला. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तांबूस. बाईसाहेब मोठ्या पिंपात साठवून ठेवायच्या, त्याला गंजाचा वास यायचा. आणि नेमकं तेव्हाच साहेबांचे कलकत्त्याचे जुने वरिष्ठ मुंबईहून सपत्नीक येणार असं पत्र आलं. साहेबांची झोप उडाली. हे गृहस्थ म्हणे ह्यांना नोकरीभर चिडवत आले होते, तुझी जीभ चांगली आहे पण तुला स्वतःला चहा करता येत नाही. आणि आता ते इथं येऊन गंजाचा चहा पिणार!

"इकडे दुसरं कुठलं पाणी नाही का गं?" साहेब मला विचारत होते.

"शेजारच्या बंगल्याची विहीर आहे साहेब."

"आणखी?"

"आमचा झरा आहे."

आमचा म्हणजे आमच्या वस्तीचा. गावाचं पाणी वर, चिऱ्यांनी बांधलेलं, तिथं आम्ही भरायचं नाही. आमचा झरा खाली, डोंगराच्या पायथ्याला, एका कातळातून करंगळीएवढी धार. पण ती धार मे महिन्यातही तुटत नसे आणि पाणी असं की तोंडात घेतलं की दातांना गोड लागायचं. गावाने चांगली जागा स्वतःला ठेवली आणि चांगलं पाणी चुकून आम्हाला दिलं.

साहेबांनी पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आण थोडं."

दुसऱ्या दिवशी तीन पाण्यांच्या चहाचे तीन कप मांडले. पिंपाचं, विहिरीचं, झऱ्याचं. साहेबांनी डोळे मिटले. एक चमचा घेतला, थुंकला. दुसरा घेतला, थुंकला. तिसरा घेतला आणि थुंकायचं विसरले.

"हे," डोळे न उघडता म्हणाले. "हे कुठलं?"

"झऱ्याचं."

डोळे उघडले. "आत सांगू नकोस."

पाहुणे आले त्या दिवशी मी पहाटेच आमच्या झऱ्यावरून हंडा भरून आणला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवला. बाईसाहेबांनी नेहमीसारखं वरून पिंपाचं पाणी किटलीत ओतलं. त्या आत वळल्या, मी ते गुलाबाला घातलं आणि किटली हंड्यातून भरली. हे खोटेपण होतं, मान्य. पण सांगायचं नाही हा साहेबांचा हुकूम होता, आणि त्या वेळी मला मजाही वाटत होती.

पाहुणे जाड, गोरे, हसरे. त्यांच्या पत्नीच्या हातात सतत रुमाल. बाईसाहेब ठेवणीतलं पातळ नेसून, हातात कान असलेला कप धरून, करंगळी वर करून बसल्या होत्या. मी ओतत होते. पाहुण्यांनी कप नाकाशी नेला, मग असा जोरात सुर्र ओढला की झाडावरचा कावळा उडाला. आमची माणसं बशीतून भुरके मारतात म्हणून बाईसाहेब नाक मुरडायच्या, इथं त्या कौतुकाने मान हलवत होत्या.

"वा!" पाहुणे म्हणाले. तेही थुंकले नाहीत. "पान चांगलं आहेच, पण पाणी कुठलं हे?"

"इथलंच हो," बाईसाहेब म्हणाल्या. "पाण्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही." आणि त्यांनी दुसरा कप घेतला. प्यायल्या. सबंध.

"नळाचं? शक्यच नाही. नळाचं पाणी मला झोपेतही कळतं." पाहुणे साहेबांकडे वळले. "तू सांग रे. पाणी कुठलं?"

आता सांगतील, असं मला वाटलं. चार वर्षं मला चांगल्याला चांगलं म्हणायचं शिकवत होते. त्यांनी कपात बघितलं. कपात काही सापडलं नाही तेव्हा म्हणाले, "मला नक्की कल्पना नाही. ही बघते ते." आणि थरथरतं बोट माझ्याकडे केलं.

कुठल्या डोंगरावरचं पान ते त्या जिभेला कळायचं, पण एवढंसं खरं तिला उचललं नाही.

पाहुण्यांनी मला विचारलं, "काय गं बाई, कुठलं पाणी?"

माझ्या हातात किटली होती. आज ह्या घरातली भाकरी संपली तर संपली, असं मनाशी म्हटलं. "झऱ्याचं. आमच्या वस्तीच्या."

"तुमची वस्ती म्हणजे?" हे पाहुण्यांच्या पत्नीने विचारलं.

"आमची. बौद्धांची."

त्या बाईंनी कप बशीत ठेवला, इतका अलगद की आवाजसुद्धा झाला नाही. बाईसाहेबांचा चेहरा मी बघितला नाही, त्यांची करंगळी बघितली. ती खाली आली. पाहुण्यांना मात्र ह्यातलं काही नव्हतं. ते पुढे वाकून साहेबांना विचारत होते, "अरे, त्या झऱ्याची जमीन विकत मिळेल का?" म्हणजे एकीला आमचं पाणी नको होतं आणि एकाला आमच्याशिवाय हवं होतं.

बाईसाहेब उठून आत गेल्या. चूळ भरायला, हे मला पाठीवरून कळलं. पिंपाचं झाकण वाजलं. मग तांब्या बुडाला घासल्याचा आवाज आला. सकाळी पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या होत्या, पिंप कोरडं होतं आणि नळाची पाळी उद्याची. थोड्या वेळाने त्या बाजूच्या दारात आल्या. मी तिथं कप विसळत होते.

"पाणी आहे का गं?"

"आहे ना बाईसाहेब. अर्धा हंडा आहे."

त्यांनी हंड्याकडे बघितलं. बाईला चूळ भरून तोंडातून घालवायचं होतं आमचं पाणी, आणि चूळ भरायला होतं आमचंच पाणी.

"दे," त्या म्हणाल्या आणि ओंजळ पुढे केली.

चूळ टाकायला त्या खाली अंगणात उतरल्या, मी हंड्यापाशी वरच्या पायरीवर. मी पदर आवरला आणि वीतभर उंचीवरून धार धरली. शिंतोडा उडू दिला नाही. पहिली ओंजळ त्यांनी चूळ भरून टाकली. दुसरीही. तिसरी प्यायल्या. मे महिन्याचं ऊन होतं, आणि पाणी खरंच गोड होतं.

पाहुणे तळं बघायला गेले. व्हरांड्यात साहेब एकटेच खुर्चीत. मी हंड्यातलं ताजं पाणी स्टोव्हवर ठेवलं. मोहरी, ज्वारी, हरभरा, उसळी. किटली विसळली. पान मोजून घातलं, त्या करवंदाच्या वासाच्या डब्यातलं. झाकण घातलं आणि पायरीवर बसून पंचशील म्हटलं, मोठ्याने, एक शब्दही न गाळता. मग कान असलेला कप घेतला.

"अजून थोडा मुरू दे," साहेब मागून म्हणाले.

"मला कळतं साहेब."

त्यांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही गं."

मी कप भरला. उत्तर आता लिहिते. साहेब, तुमची सवयच तशी, चव सगळ्याची घ्यायची आणि गिळायचं काही नाही.

आणि चव? पहिल्या घोटाला मला फक्त आमचा झरा लागला. दुसऱ्याला कडवट. तिसऱ्या घोटाला मात्र ते करवंद आलं, जिभेच्या मागच्या बाजूने, हळूच, आणि बराच वेळ राहिलं. चांगला होता. खरंच चांगला होता. पण चार वर्षं वाट बघायला लावावी इतका काही नव्हता. गुळाचा खडा असता तर आणखी बरा लागला असता, हे मी साहेबांच्या तोंडावर सांगितलं, आणि ह्या बोलण्याने ते जितके दुखावले तितके दिवसभरात कशानेच दुखावले नव्हते.

काम सुटलं असं धरूनच मी दुसऱ्या दिवशी गेले, माझा कान तुटका कप परत आणायला. फाटकापाशी दोन रिकामे हंडे ठेवलेले होते, घासून लखलखीत. बाईसाहेब पायरीवर उभ्या.

"आज नळ आलाच नाही," त्या कुंपणाकडे बघत म्हणाल्या. "तुमच्याकडचं आणशील?"

"आणीन. पण चहा मी आधी चाखणार. कान असलेल्या कपातून."

"ते ह्यांना विचार. व्हरांड्यातलं मला काय माहीत?"

एवढंच बोलल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी पुढंही कधी गेले नाही, भांड्यांवरचे थेंबही चालूच राहिले. फक्त ते आता आमच्या झऱ्याचे असायचे.

कान तुटका कप मी घरी नेला. सोबत कागदात चिमूटभर पानं होती, साहेबांकडून मागून घेतलेली. आत्याबाईंना साग्रसंगीत चहा करून दिला. त्यांनी बशीत ओतला, भुरका मारला, दोन्ही गालांत घोळवला. मग बशीत वाकून बघितलं.

"पोरी," म्हणाल्या, "पाणी झकास हाये. ह्यात चा कवा टाकनार?"

त्या कपात नंतर त्यांनी मिसरी ठेवली. कान नसल्यामुळे तो कोनाड्यात बरोब्बर बसायचा.